कार्डाने भरलेली रक्कम परत देण्यास बँक नकार का देते?
पीण्या येथील यंत्रखरेदीच्या निमित्ताने

पुणे-बेंगळुरू महामार्गाने तुमकुरू ओलांडून बेंगळुरू शहरात प्रवेश करताना पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. १९७० च्या दशकात आकारास आलेली ही वसाहत आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. लेथकाम, साचे बनविणे, पत्र्याचे काम, मोटारी, पंप आणि वेष्टन-यंत्रे यांचे लहान-मध्यम कारखाने येथे मोठ्या संख्येने आहेत. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था किंवा बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचे प्रदर्शन पाहण्यास गेलेले महाराष्ट्रातील शेतकरी परतीच्या वाटेवर अशा वसाहतीत डोकावतात आणि धान्य स्वच्छ करणारी, प्रतवारी करणारी, दळणारी वा पाकिटे भरणारी यंत्रे पाहून मागणी नोंदवून येतात.

अशी बरीच यंत्रे तयार स्थितीत मिळत नाहीत. मागणी आल्यावर ती घडविली जातात आणि त्यासाठी आगाऊ रक्कम द्यावी लागते. ती रक्कम अनेकदा कार्डाने भरली जाते. कार्डाने पैसे भरले म्हणजे काही बिघडल्यास बँक ते परत मिळवून देते, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. मात्र अपुरा आहे. यंत्र वेळेवर आले नाही, अथवा आले ते ठरल्याप्रमाणे नव्हते, अशी तक्रार घेऊन शेतकरी बँकेत जातो आणि काही आठवड्यांनी ‘तक्रार अमान्य’ असा एका ओळीचा संदेश त्याच्या हाती पडतो. शेतकऱ्याची बाजू खरी असूनही असे का घडते, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. समूहाच्या भागभांडवलातून यंत्र घेणारे शेतकरी उत्पादक गट आणि त्यांना मार्गदर्शन करणारे विस्तार कार्यकर्ते यांना ही माहिती मागणी नोंदविण्यापूर्वीच उपयोगी पडावी, हा हेतू आहे.

बँक कोणत्या नात्याने मध्ये पडते?

कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात ग्राहक आणि विक्रेता यांच्याखेरीज तीन पक्ष असतात. ज्या बँकेने आपणास कार्ड दिले ती पहिली बँक. विक्रेत्याला कार्डयंत्र किंवा ऑनलाइन भरणा-सुविधा पुरविणारी, त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी ती दुसरी बँक. या दोघींना जोडणारे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखे जाळे हा तिसरा पक्ष होय.

आपण तक्रार नोंदविली की आपली बँक या जाळ्याच्या नियमांनुसार विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागते. या प्रक्रियेस ‘चार्जबॅक’ म्हणतात. विक्रेत्याच्या बँकेला ही मागणी मान्य करता येते किंवा विक्रेत्याकडून कागदपत्रे मिळवून ती परतवून लावता येते. दोन्ही बँकांचे एकमत न झाल्यास जाळ्याच्या लवादाकडे प्रकरण जाऊ शकते. मात्र तेथे हरणाऱ्या बाजूवर शुल्काचा भार पडतो. त्यामुळे कागदपत्रे कच्ची असतील तर आपली बँक तेथपर्यंत जाण्यास सहसा तयार होत नाही.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांपेक्षा अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू क्रेडिट कार्डाने घेतल्यास विक्रेत्याच्या कसुरीबद्दल कार्ड देणारी संस्थाही जबाबदार ठरते. अमेरिकेतही १९७४ च्याच एका कायद्याने क्रेडिट कार्डाच्या देयकातील चुकांबाबत ग्राहकास ६० दिवसांत हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे विक्रेत्याने माल न दिल्याबद्दल कार्ड देणाऱ्या बँकेस अशा रीतीने जबाबदार धरणारी तरतूद नाही. येथे चार्जबॅक हा मुख्यतः कार्ड-जाळ्याच्या नियमांतून मिळणारा मार्ग आहे.

म्हणून बँकेतील अधिकारी आपली तक्रार वाचताना ‘या शेतकऱ्यावर अन्याय झाला काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारीत नाही. तक्रार नियमांतील कोणत्या कारणात बसते, ती मुदतीत आहे काय आणि तिच्यासोबत कोणता कागद आहे, एवढेच तो पाहतो. बहुतेक नकारांचे मूळ या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सापडते.

तीन निरनिराळ्या तक्रारी

पहिली तक्रार ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी असते. कार्ड चोरीस गेले, त्याची माहिती फुटली किंवा कोणी परस्पर पैसे काढले, असे प्रकार यात येतात. त्यांस रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे संरक्षण आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशाच सूचना निघाल्या. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अन्यत्र कोठे तरी असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरीही त्याची जबाबदारी शून्य राहते. चार ते सात दिवसांत कळविल्यास खात्याच्या प्रकारानुसार ५,००० ते २५,००० रुपयांपर्यंतची मर्यादित जबाबदारी त्याच्यावर येते. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. मात्र ग्राहकाने पिन किंवा ओटीपी स्वतः दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वी झालेले नुकसान त्यालाच सोसावे लागते.

या परिपत्रकाचे बळ किती आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या जून २०२४ मधील एका निकालाने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या बँक खात्यातून ७६ लाख ९० हजार रुपये परस्पर वळते झाले होते. बँकेने हात वर केले आणि बँकिंग लोकपालाकडेही तक्रार टिकली नाही. उच्च न्यायालयाने मात्र २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन ती रक्कम परत देण्याचा आदेश बँकेस दिला. ती फसवणूक नेटबँकिंगमधील होती, कार्डाची नव्हती. तथापि परवानगीविना झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे तत्त्व दोन्हींना सारखेच लागू होते.

दुसरी तक्रार ‘व्यवहार मीच केला, पण ठरलेले मिळाले नाही’ अशी असते. यंत्र आले नाही, सदोष आले, किंवा विक्रेत्याने परताव्याचे कबूल करूनही पैसे जमा केले नाहीत, हे प्रकार यात मोडतात. २०१७ चे परिपत्रक यांना लागू होत नाही. येथे केवळ चार्जबॅकचे नियम चालतात.

तिसरी तक्रार ‘पैसे कापले गेले, पण विक्रेत्याकडे पोहोचलेच नाहीत’ अशी असते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानातील कार्डयंत्रावर किंवा ऑनलाइन कार्ड-व्यवहारात असे घडल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यावयास हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय असते.

अनेक तक्रारी फेटाळल्या जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे दुसऱ्या प्रकारची तक्रार पहिल्या प्रकारात नोंदविणे. विक्रेत्याने फसविले म्हणून शेतकरी अर्जात ‘फसवणूक’ असा शब्द लिहितो किंवा ग्राहक सेवा केंद्राला दूरध्वनीवर तसे सांगतो. बँक तो व्यवहार तपासते. पिन टाकलेला आढळतो, किंवा नोंदणीकृत मोबाइलवर गेलेला ओटीपी वापरलेला आढळतो. मग ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः प्रमाणित केलेला आहे’ असे कळवून ती तक्रार बंद केली जाते. बँकेचे उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरते बरोबर असते. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. योग्य कारण देऊन पुन्हा अर्ज करता येतो. मात्र त्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

एक उदाहरण

पुढील विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मंगळवेढा परिसरातील एका शेतकरी गटाने पीण्यातील एका कारखान्याकडे ज्वारी स्वच्छ करून प्रतवारी करणाऱ्या यंत्राची मागणी १५ नोव्हेंबर रोजी नोंदविली. किंमत ३,२०,००० रुपये. त्यापैकी ४० टक्के, म्हणजे १,२८,००० रुपये, गटाच्या एका संचालकाने आपल्या कार्डाने भरले. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. म्हणून यंत्र ३१ जानेवारीपर्यंत हवे, असे बोलणे झाले. जानेवारी संपला, फेब्रुवारी गेला. ‘पुढच्या आठवड्यात गाडी भरतो’ हे उत्तर दूरध्वनीवर मिळत राहिले. मार्चअखेर ज्वारी प्रतवारी न करताच बाजारात गेली आणि गटाने बँकेत धाव घेतली. ही तक्रार कोणकोणत्या ठिकाणी अडू शकते, ते आता क्रमाने पाहू.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते?

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतेक तक्रारींसाठी सर्वसाधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. रुपे कार्डाच्या मुदती भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ ठरविते; त्या आपल्या शाखेतून विचारून घ्याव्यात. कागदपत्रांच्या तयारीसाठी बँका स्वतःची अंतर्गत मुदत यापेक्षा कमी ठेवू शकतात.

माल न मिळाल्याच्या तक्रारीत ही मुदत माल मिळण्याच्या ठरलेल्या तारखेपासून मोजता येते. परंतु ती तारीख कागदावर असावी लागते. आपल्या उदाहरणात कोटेशनवर ‘३१ जानेवारीपर्यंत पोहोच’ असे लिहिलेले असेल, तर १२० दिवस ३१ मे रोजी संपतात. अशी तारीख कोठेही लिहिलेली नसेल, तर मुदत व्यवहाराच्या दिवसापासून मोजली जाण्याचा धोका असतो आणि मग ती १५ मार्च रोजीच संपते. मार्चअखेर बँकेत गेलेल्या गटाची एक लाख अठ्ठावीस हजारांची तक्रार केवळ एका न लिहिलेल्या तारखेमुळे बाद होऊ शकते.

दूरध्वनीवरील आश्वासनांनी ही मुदत लांबत नाही. विक्रेता नवी तारीख देत असेल, तर ती ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लिहून मागावी. याच्या उलट, ठरलेली तारीख उलटण्यापूर्वीच तक्रार केल्यास ‘अद्याप मुदत आहे’ म्हणूनही ती परत येऊ शकते.

सही केलेली पोच

बँकेने रक्कम परत मागितली की विक्रेत्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. त्याच्याकडील सर्वात प्रभावी कागद म्हणजे माल मिळाल्याची सही असलेले चलन, वाहतूकदाराची बिल्टी किंवा यंत्र बसवून चालवून दाखविल्याचा अहवाल. असा कागद समोर आला की ‘माल मिळाला नाही’ ही तक्रार जवळजवळ संपतेच.

आपल्या क्षेत्रात येथेच एक सापळा आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी पूर्वसंमती मिळाल्यानंतर ठरावीक कालावधीत यंत्र खरेदी करून त्याचे देयक महाडीबीटी प्रणालीवर चढवावे लागते. ती मुदत टळू नये म्हणून यंत्र हाती येण्यापूर्वीच अंतिम देयक करून घेण्याचा आणि कधीकधी चलनावर सही करून देण्याचा मोह होतो. विक्रेताही ‘कागद पूर्ण करून ठेवू, यंत्र येईलच’ असे सुचवितो. पुढे यंत्र आले नाही, तर हाच कागद शेतकऱ्याविरुद्ध पुरावा ठरतो. शिवाय न मिळालेल्या यंत्राचे देयक अनुदानासाठी सादर केल्याचा स्वतंत्र दोषही त्याच्यावर येतो. अनुदानाची मुदत संपत आल्यास कृषी कार्यालयाकडे लेखी मुदतवाढ मागावी. पोच मात्र यंत्र ताब्यात आल्यावरच द्यावी.

यंत्र आल्यावर खोका न उघडता सही करण्याचा आग्रह झाला, तर चलनावर ‘खोका बंद अवस्थेत मिळाला, तपासणी व्हावयाची आहे’ अशी नोंद करून मगच सही करावी. ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते.

दर्जाचा वाद आणि ‘ठरल्याप्रमाणे’ म्हणजे काय

यंत्र आले, पण समाधानकारक चालत नाही, ही तक्रार सर्वात कठीण. ज्वारी नीट स्वच्छ होत नाही, हे शेतकऱ्याला दिसते; बँकेतील अधिकाऱ्याला ते पाहता येत नाही आणि तो यंत्राचा परीक्षकही नसतो. ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ हे कारण नियमांत आहे. मात्र त्यासाठी आधी वर्णन असावे लागते. कोटेशनवर केवळ ‘धान्य प्रतवारी यंत्र, १ नग’ एवढेच असेल, तर आलेले यंत्र त्या वर्णनात बसतेच. ताशी किती किलो ज्वारी, किती चाळण्या, किती अश्वशक्तीची व कोणत्या बनावटीची मोटार, एक फेज की तीन फेज, पत्रा कोणता, हे लिहिलेले असेल तरच तफावत दाखविता येते.

वस्तू परत करण्याची तयारी दाखविणेही आवश्यक असते. यंत्र हंगामभर वापरून नंतर पैसे परत मागितल्यास तक्रार टिकत नाही. दोष आढळताच वापर थांबवावा, छायाचित्रे व चित्रफीत काढावी आणि ‘यंत्र घेऊन जावे व रक्कम परत करावी’ असे विक्रेत्यास लेखी कळवावे.

मागणीनुसार घडविलेल्या वस्तूंच्या बाबतीत ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ अशी अट बहुधा छापलेली असते. ग्राहकाने स्वतःहून मागणी रद्द केली, तर बँक या अटीवर बोट ठेवून नकार देते. म्हणून कंटाळून ‘आम्हाला यंत्र नको, मागणी रद्द समजा’ असा संदेश पाठविणे धोक्याचे आहे. ‘ठरलेल्या तारखेस यंत्र दिले नाही, म्हणून रक्कम परत करावी’ असे लिहावे. व्यवहारात दोन्हींचा अर्थ सारखा वाटला, तरी पहिल्या वाक्यात माघार ग्राहकाची ठरते आणि दुसऱ्यात कसूर विक्रेत्याची.

पैसे खरोखर कार्डानेच गेले काय?

चार्जबॅक ही कार्ड-व्यवहाराची सोय आहे. एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने पाठविलेली रक्कम माल न मिळाल्याच्या कारणावरून अशा प्रकारे परत मागविता येत नाही. यूपीआयची तक्रार-व्यवस्था वेगळी आहे. कार्डाने आधी एखाद्या वॉलेटमध्ये पैसे भरून तेथून विक्रेत्यास दिले असतील, तर कार्डापुरता व्यवहार वॉलेट भरले गेल्यावर पूर्ण झालेला असतो. त्यामुळे तेथेही बँक नकार देते.

अनेक विक्रेते कार्डावर दोन टक्के जादा मागतात आणि थेट खात्यात रक्कम भरण्याचा आग्रह धरतात. दोन टक्के वाचविण्यासाठी शेतकरी तो मानतो. १,२८,००० रुपयांवर ही बचत २,५६० रुपयांची होते आणि तिच्या बदल्यात रक्कम परत मागण्याचा एक मार्ग हातचा जातो. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून विक्रेत्यास व्यवहार-शुल्कच लागत नाही. इतर डेबिट कार्डांवरील शुल्कही ग्राहकाकडून वसूल होऊ नये, याची दक्षता घेण्यास रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. ही माहिती विक्रेत्यास सौम्य शब्दांत सांगावयास हरकत नाही.

आणखी एक अडचण नावांची. कार्ड संचालकाचे, कोटेशन गटाच्या नावे, विक्रेत्याच्या पाटीवर एक नाव आणि बँकेच्या विवरणपत्रात दुसऱ्याच संस्थेचे नाव, असा प्रकार वरचेवर दिसतो. तक्रार कार्डधारकानेच करावयाची असते. गटाच्या अध्यक्षाचे पत्र त्याऐवजी चालत नाही. म्हणून पावतीवर ‘अमुक गटाच्या मागणीपोटी, अमुक संचालकांच्या कार्डाने’ असा उल्लेख, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि कार्डयंत्राची चिठ्ठी हे सर्व जपून ठेवावे. कार्डयंत्राच्या चिठ्ठीवरील शाई काही महिन्यांत उडते. त्याच दिवशी तिचे छायाचित्र काढून ठेवावे.

तात्पुरती जमा म्हणजे अंतिम निकाल नव्हे

तक्रार दाखल होताच काही वेळा बँक वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करते. परवानगीविना झालेल्या व्यवहारांत, २०१७ च्या परिपत्रकानुसार, कळविल्यापासून दहा कामकाजी दिवसांत अशी जमा करावी लागते आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल द्यावा लागतो. विक्रेत्याबरोबरच्या वादात मात्र अशी जमा विक्रेत्याचे उत्तर येईपर्यंतच टिकते. त्याचे कागद ग्राह्य ठरल्यास ती पुन्हा वजा होते. म्हणून ती रक्कम लगेच दुसऱ्या यंत्राच्या आगाऊ रकमेसाठी वापरू नये.

रक्कम किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यातून गेली असेल, तर अधिक सावध राहावे. ते कर्जखाते आहे. वाद चालू असताना त्यावरील व्याज थांबत नाही. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास मिळणारी तीन टक्क्यांची व्याजसवलत देय तारीख चुकल्यास हातची जाते. तक्रार प्रलंबित असणे हे परतफेड थांबविण्याचे कारण होऊ शकत नाही.

नकार मिळाल्यानंतर

नकार हा शेवट समजू नये. प्रथम शाखेस लेखी विचारावे की तक्रार कोणत्या कारणाखाली नोंदविली होती, कोणत्या दिवशी पुढे पाठविली आणि विक्रेत्याने कोणते कागद सादर केले. त्या कागदांची प्रत मागावी. चलनावरील सही आपली नसेल, बिल्टी दुसऱ्याच मालाची असेल किंवा तारखा जुळत नसतील, तर ते दाखवून प्रकरण पुन्हा पाठविण्यास सांगता येते. या दुसऱ्या फेरीची मुदत थोडी असते. म्हणून उत्तर मिळताच त्याच आठवड्यात हालचाल करावी.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे निःशुल्क तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजनेखाली देशभरासाठी एकच ऑनलाइन प्रणाली असून १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो. बँकेने अर्ज मुदतीत पुढे पाठविला नाही, चुकीच्या कारणाखाली नोंदविला किंवा कारण न देता फेटाळला, हे मुद्दे तेथे उपयोगी पडतात. विक्रेत्याचे यंत्र सदोष होते, हा मुद्दा तेथे चालत नाही.

विक्रेत्याविरुद्धचा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. कोटेशनवर ‘न्यायक्षेत्र बेंगळुरू’ असे छापलेले दिसले, म्हणून सोलापूर वा सांगलीच्या शेतकऱ्याने आशा सोडू नये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पीक विकण्यासाठीच घेतले जाते, म्हणून शेतकरी ‘ग्राहक’ ठरत नाही, असा युक्तिवाद विक्रेते करतात. तो सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात अमान्य केला आहे. उत्पादक कंपनीने व्यापारी स्वरूपाच्या प्रक्रियेसाठी घेतलेल्या यंत्राबाबत मात्र हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. अशा वेळी वकिलाचा सल्ला घ्यावा. तक्रारीपूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

कारखानाच अस्तित्वात नव्हता किंवा नाव-पत्ता बनावट होता, असे आढळल्यास तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी गोठविले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

मागणी नोंदविताना घ्यावयाची दक्षता

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटांच्या बैठकीत पुढील मुद्दे आवर्जून सांगावेत.

१. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कारखान्याचा जीएसटी क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर तपासावा आणि तेथील नाव कोटेशनवरील नावाशी जुळवून पाहावे.

२. कोटेशनवर यंत्राची क्षमता, मोटार, साहित्य व सुटे भाग यांचे सविस्तर वर्णन आणि पोहोचविण्याची निश्चित तारीख लिहून घ्यावी. ‘सहा ते आठ आठवडे’ यापेक्षा दिनांक बरा.

३. ‘ठरलेल्या तारखेपासून १५ दिवसांत यंत्र न दिल्यास आगाऊ रक्कम परत’ अशी एक ओळ कोटेशनवर घालून घ्यावी.

४. आगाऊ रकमेचा शक्य तेवढा भाग कार्डाने भरावा. चिठ्ठी, पावती व विवरणपत्र एकत्र ठेवावे.

५. यंत्र हाती येऊन तपासल्याशिवाय पोच, समाधानपत्र किंवा अंतिम देयक यांवर सही करू नये.

६. तारीख उलटताच विक्रेत्यास लेखी मागणी करावी, सात ते दहा दिवस वाट पाहावी आणि उत्तर न आल्यास बँकेत जावे.

७. बँकेच्या अर्जात ‘फसवणूक’ असा मोघम शब्द न वापरता ‘माल मिळाला नाही’, ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ किंवा ‘कबूल केलेला परतावा जमा नाही’ यांपैकी लागू असलेले एकच कारण लिहावे. अर्जाची तारखेसह पोच घ्यावी.

पीण्यातील बहुसंख्य कारागीर-उद्योजक प्रामाणिकपणे व्यवसाय करतात आणि लेखी अटींना त्यांचीही हरकत नसते. उलट स्पष्ट वर्णन मिळाल्याने त्यांचेही काम सोपे होते. आपल्या उदाहरणातील गटाने १५ नोव्हेंबर रोजी कोटेशनवर ‘३१ जानेवारी’ एवढे लिहून घेतले असते, तर मार्चअखेरही त्याच्या हाती दोन महिने शिल्लक राहिले असते. बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल जपून ठेवतो, कारण उगवण झाली नाही तर तेच दाखवावे लागते. यंत्राच्या बाबतीत तेच काम तारीख आणि वर्णन असलेले कोटेशन करते.